इटलीतली स्ट्रादे बियांके ही कच्च्या रस्त्यांची सायकल शर्यत आहे, तरी सायकलपटू ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेली सायकल) का वापरत नाहीत? टायरमध्ये हवा किती ठेवतात?

कारण निम्म्याहून जास्त शर्यत डांबरावर होते. २०२५ ची पुरुषांची शर्यत २१३ किमीची होती. त्यातले सुमारे ८२ किमी कच्चे, तेही १६ पट्ट्यांत विखुरलेले. उरलेल्या १३० किमीवर घोळका सुसाट पळत असतो. तिथे ग्रॅव्हल बाइकचे जाड टायर, लांब सांगाडा आणि ताठ बसणं अंगाशी येतं. शिवाय धोका फक्त कच्च्यावर असतो असंही नाही. त्याच वर्षी स्लोव्हेनियाचा सायकलपटू तादेय पोगाचार शेवटच्या ५० किमीच्या आसपास जोरात आपटला, तो डांबरी उतारावर. (तरी जिंकलाच.)

दुसरं म्हणजे टस्कनीतले हे पांढरे रस्ते म्हणजे सुट्या खडीचे ढीग नव्हेत. दाबून बसवलेला मुरूम डोळ्यांसमोर आणा: खाली टणक, वर बारीक खडे आणि पिठासारखी धूळ. गाड्यांच्या चाकोऱ्या बऱ्यापैकी स्वच्छ असतात. सुटी खडी मधल्या उंचवट्यावर आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला साचते. म्हणून चाकोरी धरून चालायचं, बदलायचीच असेल तर सरळ भागात, वळणात कधीच नाही.

आता टायर. रोड बाइकच, पण ३० ते ३२ मिमी ट्यूबलेस. ६५ किलोच्या माणसाला ३० मिमीवर पुढे ५२ आणि मागे ५५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) ही चांगली सुरुवात आहे. ३२ मिमी असेल तर दोन्हीकडे चार-पाच कमी. दर ५ किलो वजनामागे साधारण २ वाढवा. पावसात ३ ते ५ उतरवा. रिम हुकलेस (टायर अडकवणारी आतली कड नसलेली) असेल तर ७२ च्या वर जायचंच नाही. प्रत्येक टायरमध्ये ३० ते ४० मिली सीलंट. त्याने खड्याची बारीक भोकं बुजतात, टायरची बाजू चिरली तर मात्र तो काही कामाचा नाही. आणि हवा नेहमी एकाच गेजने मोजा. दोन पंपांत ४-५ पीएसआयचा फरक सहज असतो, मग हा सगळा हिशेब वाया.

हवा जास्त झाली तर चाक उड्या मारतं आणि चढावर मागचं चाक जागीच फिरतं. ले तोल्फे हा पट्टा जेमतेम १.१ किमीचा, पण १८ टक्क्यांपर्यंत चढतो. तिथे सीटवरून उठून जोर लावला की मागच्या चाकावरचा भार जातो आणि चाक घसरतं. बसूनच चढायचं, कोपरं वाकवून. हवा कमी झाली तर उतारावर रिम दगडावर आपटते, वळणात टायर लोळतो.

हे सगळं जमलं तरी जागा चुकली की संपलं. पट्टे अरुंद असतात. पुढे कोणी पडला किंवा पंक्चर झाला की मागचे अडकतात, आणि संघाची गाडी धुरळ्यात कुठेतरी मागे असते. म्हणूनच मोंते सान्ते मारिए या ११.५ किमीच्या पट्ट्याआधी डांबरावर पुढे येण्यासाठी जी रेटारेटी होते, ती मला खुद्द पट्ट्याइतकीच निर्णायक वाटते. २०२४ मध्ये पोगाचार तिथूनच ८१ किमी एकटा गेला.

पाऊस पडला की धुळीचा चिखल होतो, २०१८ सारखा. तेव्हा रेझिनचे ब्रेक पॅड भराभर झिजतात, धातूमिश्रित पॅड टिकतात. बाटलीचा स्टँड मात्र कोणत्याही हवामानात घट्ट हवा. खडखडाटात बाटली उडते आणि मागच्याच्या चाकाखाली येते.

गिअरही कच्च्या रस्त्यासाठी नाही, चढांसाठी निवडा. सिएना शहरात शिरल्यावर शेवटून साधारण ५०० मीटरवर व्हिया सांता कातेरिना या रस्त्याचा फरसबंदी चढ १६ टक्क्यांचा आहे. पुढे ४० आणि मागे ३४ दात असले तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे अडीच मीटर जाते, म्हणजे मिनिटाला ७० फेऱ्यांनी ताशी साडेदहा किमी. व्यावसायिकांना ते पुरतं. हौशी माणसाला दमलेल्या पायांनी १६ टक्क्यांवर हा वेग जमत नाही, त्याने पुढे ३४ चंच चाक लावावं.