जुनी पिकअप खाली बसवायची आहे : पाटा एक्सलच्या वर की खाली, ते आधी पाहा

प्रश्न : वडिलांनी द्राक्षे आणि टोमॅटोच्या वाहतुकीसाठी घेतलेली, जीपच्या बनावटीची जुनी पिकअप मी हळूहळू दुरुस्त करीत आहे. तिची उंची दोन इंचांनी कमी करण्याची इच्छा आहे, परंतु खर्च बेताचाच झेपेल. एका गॅरेजमध्ये पाटे (लीफ स्प्रिंग, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी) गॅसने तापवून बसवून देऊ असे सांगितले. मित्राचे म्हणणे असे की परदेशात करतात तशी एक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) आणि पाटे यांची वर-खाली अदलाबदल करावी. हंगामात वीस क्रेट पिंपळगावच्या बाजारात न्यावे लागतात. छायाचित्रे सोबत पाठवत आहे. मी काय करावे?
— एक वाचक, दिंडोरी रोड, नाशिक

उत्तर : आपल्या छायाचित्रांत एक गोष्ट स्पष्ट दिसते आणि पुढचा सगळा निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे : मागचा एक्सल पाट्यांच्या वर बसलेला असून पाटे त्याच्या खाली यू बोल्टने (यू आकाराच्या बोल्टने) बांधलेले आहेत. अमेरिकेतील अनेक जुन्या पिकअपमध्ये मागचे पाटे एक्सलच्या वर असतात, म्हणून तेथील हौशी मंडळी ते एक्सलखाली घेतात आणि गाडी एकदम पाच-सहा इंच खाली आणतात. आपल्या गाडीत पाटे आधीपासूनच खाली आहेत. तेव्हा अदलाबदल केली तर गाडी बसण्याऐवजी तेवढीच उंच होईल.

गॅसने तापवण्यास माझा ठाम विरोध आहे. पाट्याचे पोलाद कडक करून, मग ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून त्यात लवचिकपणा आणलेला असतो. ज्योतीने ते लालबुंद केले की लोहाराच्या भाषेत त्याचे पाणी उतरते. असा पाटा आज हवा तेवढा बसतो, पण नंतरही बसतच राहतो किंवा तापवलेल्या जागी तुटतो, आणि तुटण्याचा धोका गाडी भरलेली असताना सर्वाधिक असतो.

मागच्या बाजूसाठी कमी खर्चाचा आणि भरवशाचा उपाय म्हणजे एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये पोलादी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा भरीव ब्लॉक बसवणे. आपल्या रचनेत ब्लॉक जेवढ्या जाडीचा, तेवढीच गाडी खाली येते आणि पाट्याच्या ताकदीला हातही लागत नाही. सेंटर बोल्टचे (पाट्याच्या पट्ट्या मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचे) डोके बसेल असे भोक ब्लॉकला असले पाहिजे, यू बोल्ट नवे आणि लांब घेतले पाहिजेत, आणि एकावर एक ब्लॉक रचणे किंवा लाकडाचा तुकडा घालणे मुळीच चालणार नाही.

मात्र ब्लॉक घेण्यापूर्वी एक मोजमाप कराच. गाडी रिकामी असताना एक्सल आणि चॅसिसखालचा रबरी बंप स्टॉप (एक्सल चॅसिसवर आपटू नये म्हणून बसवलेला ठोकळा) यांमधील अंतर पट्टीने मोजा, मग वीस क्रेट भरून पुन्हा मोजा. क्रेट वीस किलोचा धरला तर हे चारशे किलो होतात. समजा, रिकामे अंतर १०० मिलिमीटर भरले आणि मालाने गाडी ४५ मिलिमीटर दबली. दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर खाली आणल्यावर भरल्या गाडीत जेमतेम ५ मिलिमीटर उरतील आणि बाजारात पोहोचण्याआधीच एक्सल रबरावर आपटू लागेल. असे आकडे आले तर एका इंचावर थांबावे, असेच मी सांगेन. काम झाल्यावर बंप स्टॉपवर ओल्या शाडूचा छोटा गोळा चिकटवून गाडी भरल्या वजनाने गतिरोधकांवरून हळू न्यावी; गोळा चपटा झाला की जागा कमी पडत आहे, हे डोळ्यांनी दिसते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर आता अधिक मिटलेले राहतील, म्हणून ते पूर्ण मिटण्याआधी एक्सल रबराला टेकतो याची खात्री करावी. तसे नसेल तर कमी लांबीचे घ्यावेत.

पुढच्या एक्सलखाली ब्लॉक कधीही घालू नये. ब्रेक लावताना पुढच्या चाकांवर येणारा पीळ त्या उंचवट्यामुळे वाढतो, आणि स्टिअरिंग त्याच एक्सलवर अवलंबून असते. तेथे पाटे उतरवून स्प्रिंगच्या कारागिराकडून, न तापवता, दाबयंत्रावर त्यांची कमान एखादा इंच कमी करून घ्यावी. पाट्यातील मुख्य पट्टी आणि तिच्या डोळ्याला (टोकाच्या गोल कडीला) वेढणारी दुसरी पट्टी यांना काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. पुढचा एक्सल दबल्यावर इंजिनच्या ऑइल चेंबरला लागत नाही ना, तेही पाहावे. ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांडीचा) कोन बदलला आणि खड्ड्यात स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले, तर ते जुळवल्याशिवाय गाडी महामार्गावर काढू नये.

एक दिलाशाची बाब अशी की डिफरन्शियलचे (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोल डब्याचे) पोट जमिनीपासून जेवढे आहे तेवढेच राहते, कारण ते टायरच्या उंचीवर ठरते. मागची यू बोल्टची प्लेट मात्र ब्लॉकच्या जाडीएवढी खाली येईल. ती चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा वर राहिलीच पाहिजे, नाहीतर पंक्चर होताच ती रस्त्यावर घासेल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, म्हणून पाट्यांना हात लावण्याआधी नाशिकच्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी. आपली गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असल्यास आठ वर्षांनंतर दरवर्षी तिची योग्यता तपासणी होते आणि तेथे हा प्रश्न निघेलच. परवानगीनंतर काम झाले की पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर यू बोल्ट टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळून घ्या आणि हेडलाइटचा झोतही नव्याने जुळवा.