शाळेचा लॅपटॉप आणि लाल अक्षरांची यादी

"मोबाइल असता तर काढून घेतला असता हो, पण हा शाळेनेच दिलाय!" शाळा प्रत्येक मुलाच्या हाती लॅपटॉप देऊ लागल्यापासून हे वाक्य मी इतक्या पालकांकडून ऐकलं आहे की पुढचंही पाठ झालंय. दार लावून बसतो, विचारलं की 'अभ्यास करतोय' म्हणतो, आपण मागून गेलो की स्क्रीन बदलते.

अशाच एका घराची गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत बदलून. मुलगा सातवीतला, लॅपटॉपवर सतत गेम खेळणारा. आई रोज ब्राउझरची हिस्ट्री तपासायची, बाबांनी एकदा रागाने लॅपटॉपचं झाकण आपटलं होतं. माझ्याकडच्या पहिल्या दोन भेटी तो बुटाच्या नाडीशी चाळा करत गप्प बसला.

तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, "पुढच्या वेळी लॅपटॉप आण. मला तुझा गेम शिकव." आईला शेजारी बसवलं, मधे बोलायचं नाही एवढ्या अटीवर. तो खुलला, मला दोनदा हरवलं. मग मी सहज विचारलं, "गेम बंद केलास की आधी काय दिसतं?"

तो थांबला. बऱ्याच वेळाने त्याने एक टॅब उघडला. शाळेच्या असाइनमेंटची यादी. अकरा ओळी, प्रत्येकीपुढे लाल अक्षरांत 'मुदत संपली'.

"हे दिसतं. म्हणून बंदच करत नाही."

आईचे डोळे भरून आले. इतके दिवस तिने हिस्ट्री पाहिली होती, ही यादी एकदाही नाही. तो प्रश्न मला त्या क्षणी सुचला याचं समाधान आजही आहे. मुलाला गेमची ओढ होतीच, पण त्याहून मोठी त्या लाल ओळींची भीती होती. वहीतला राहिलेला गृहपाठ पान उलटलं की नजरेआड होतो. लॅपटॉप मात्र थकबाकी रोज मोजून समोर ठेवतो.

मी सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कीला मानणारी आहे. मूल एकट्याने जे करू शकत नाही ते जाणत्याच्या सोबतीने करू शकतं, आणि शिकणं त्याच जागी घडतं. पेरू देशाने 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेत लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नव्हता. मला त्याचं नवल वाटलं नाही. नुसतं यंत्र हाती देऊन सोबत मिळत नाही.

म्हणून पालकांना सांगते, हेरगिरी थांबवा आणि कामांची यादी मुलासोबत उघडा. ओरडू नका. सगळ्यात जुनं नव्हे, सगळ्यात सोपं काम आधी घ्या. वीस मिनिटं शेजारी बसा, आपला फोन लांब ठेवून. साचलेल्या कामांबद्दल शिक्षकांशी मुलाला विचारूनच बोला, बरेचदा एखादं काम माफ होतं. रात्री लॅपटॉप आणि चार्जर बाहेरच्या खोलीत. प्रत्येक घरात हेच कारण असेल असं नाही. झोप, जेवण, मित्र सगळंच सुटत चाललं असेल तर वेळ न घालवता तज्ज्ञांना भेटा.

महिन्याभराने दोघं आले. सात कामं झाली होती, एक शिक्षिकेने माफ केलं होतं.

"तिन्ही उरलेली विज्ञानाची आहेत," तो म्हणाला, "आणि आईला विज्ञान येत नाही."

"पण बसते ना शेजारी?" आई म्हणाली.

"हो. बसते."