मिथेनॉलमधला कार्बन नेमका कुठून येतो?

तुमचा प्रश्न असा आहे: पुस्तकात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेनॉल असं समीकरण दिलंय, मग काही जण ते कार्बन डायऑक्साइडपासून बनतं असं का म्हणतात? आणि ते खरं असेल, तर फीडमध्ये, म्हणजे प्लांटमध्ये सोडल्या जाणाऱ्या गॅसमध्ये, मोनॉक्साइड हवाच कशाला?

आधी समीकरणांचा घोळ सोडवू. डायऑक्साइडपासून मिथेनॉल आणि पाणी बनताना साधारण ४९ किलोज्यूल प्रति मोल उष्णता सुटते. ते पाणी मोनॉक्साइडशी वॉटर-गॅस शिफ्ट अभिक्रियेत गेलं की आणखी ४१ सुटतात आणि डायऑक्साइड परत मिळतो. दोन्हींची बेरीज केली की पुस्तकातलं समीकरण हाती येतं, ९० च्या आसपास किलोज्यूल सोडणारं. म्हणजे ते समीकरण चूक नाही. फक्त तो हिशेब आहे, रेणूंनी घेतलेला रस्ता नव्हे. समतोलाच्या गणितातून रस्ता कळणारही नाही.

रस्ता कळला तो किरणोत्सारी कार्बनमुळे. १९८० च्या दशकात आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीच्या संशोधकांनी खूण केलेला कार्बन फीडमध्ये मिसळून तो कुठे जातो ते पाहिलं. यातली खरी गोम गॅसच्या वेगात आहे. गॅस सावकाश सोडला तर शिफ्ट अभिक्रिया खूण दोन्ही ऑक्साइडांत वाटून टाकते आणि काहीच सिद्ध होत नाही. वेग वाढवून संपर्काचा वेळ कमी केला, तेव्हा मिथेनॉलमधली खूण डायऑक्साइडच्या खुणेशी जुळली. सोव्हिएत संशोधकही त्याआधी याच निष्कर्षाला आले होते. पण हे तांबं, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिनाच्या उत्प्रेरकाबद्दल, म्हणजे २०० ते ३०० अंश सेल्सिअस आणि ५० ते १०० बारला चालणाऱ्या आजच्या प्लांटबद्दल. १९२३ मधल्या बीएएसएफ या जर्मन कंपनीच्या झिंक-क्रोमियम उत्प्रेरकाला हा निष्कर्ष सरसकट लावू नका. तांबं मॅग्नेशियम ऑक्साइडवर बसवलं तर तिथे मोनॉक्साइडचंच हायड्रोजनीकरण चांगलं होतं आणि डायऑक्साइड उलट अडथळा ठरतो. आधार, म्हणजे तांबं ज्यावर बसवलंय तो पदार्थ, बदलला की यंत्रणा बदलते.

पृष्ठभागावर काय घडतं? सर्वाधिक मानला जाणारा मार्ग असा: डायऑक्साइडला एक हायड्रोजन मिळून फॉर्मेट (HCOO) बनतं आणि ते दोन्ही ऑक्सिजनांनी धातूला धरून बसतं. मग हायड्रोजन चढत जातात, एक कार्बन-ऑक्सिजन बंध तुटतो, मेथॉक्सी (CH₃O) उरतं आणि शेवटचा हायड्रोजन मिळून मिथेनॉल सुटतं. तुटलेला ऑक्सिजन पाणी होऊन निघतो. फॉर्मेटचं पुढचं हायड्रोजनीकरण बहुधा सर्वांत मंद पायरी असावी. पण इथे सावध राहा. इन्फ्रारेड किरणांच्या तपासणीत फॉर्मेट भरपूर दिसतं, म्हणून तेच मार्गावर आहे असं होत नाही. जे अडकून पडतं ते जास्त दिसतं. कार्बोक्सिल मार्गाचे (यात पहिला हायड्रोजन कार्बनऐवजी ऑक्सिजनला जोडला जातो) समर्थक नेमकं यावरच बोट ठेवतात, आणि मला तो आक्षेप रास्त वाटतो. झिंकचं काम काय, यावरही वाद आहे. २०१२ मध्ये बेरेन्स आणि सहकाऱ्यांनी तांब्याच्या पृष्ठभागावरच्या अणूंच्या पायऱ्यांसारख्या दोषस्थळी झिंक येऊन बसतं तिथे क्रिया होते असं दाखवलं, तर काही जण तांबं आणि झिंक ऑक्साइडच्या सीमेवर भर देतात.

आता मोनॉक्साइडचं काम. डायऑक्साइडच्या मार्गात तयार झालेलं पाणी सक्रिय जागा अडवतं आणि तांब्याचे कण एकत्र येऊन मोठे होण्याला हातभार लावतं. मोनॉक्साइड ते पाणी खातो आणि बदल्यात नवा डायऑक्साइड देतो. म्हणूनच नुसत्या मोनॉक्साइड-हायड्रोजनवर वेग घसरतो, थोडा डायऑक्साइड दिला की चढतो, आणि फार दिला की पाण्यामुळे पुन्हा पडतो. प्लांटमध्ये हायड्रोजनमधून डायऑक्साइड वजा करून दोन्ही ऑक्साइडांच्या बेरजेने भागतात आणि ते गुणोत्तर दोनच्या किंचित वर ठेवतात. पण तेच गुणोत्तर डायऑक्साइडचं प्रमाण वेगवेगळं असलेल्या दोन गॅसनाही मिळू शकतं. तेव्हा उत्प्रेरक लवकर थकत असेल तर फक्त गुणोत्तर पाहू नका, डायऑक्साइड आणि कन्डेन्सरनंतरच्या कच्च्या मिथेनॉलमधलं पाणी वेगळं तपासा.