नाटक नुसतं वाचून कळतं का, ताई?

प्रश्न: ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक अभ्यासाला आहे. कथानक, पात्रं, संवाद, संघर्ष हे घटक पाठ झालेत पण नाटक काही आत शिरत नाहीये. आमच्या तालुक्याला नाट्यगृह नाही, प्रयोग कधी बघितलाच नाही. नुसतं वाचून कळेल का? आणि ही शोकांतिका कशी, यात कोणी मरत तर नाही?
– एक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा

उत्तर: कळेल गं, पण कादंबरीसारखं वाचलंस तर नाही कळणार. आपण संवाद भराभर वाचतो आणि कंसातल्या रंगसूचना गाळतो, तिथेच नाटक हातातून सुटतं.

दाराची कडीच बघ. सुरुवातीला गावातला सामंत, प्रयोगासाठी आलेल्या नाटकमंडळीतल्या बेणारेबाईंना हॉल उघडून देतो, कडीत त्यांचं बोट चेमटतं, आणि तो सांगतो की ही कडी जरा बाहेर राहिली की दार बाहेरून अडकतं. वाचताना वाटतं काय हे किरकोळ बोलणं. पुढे वेळ घालवायला म्हणून खोटा खटला सुरू होतो, आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा, सगळे हसतायत, आणि हळूहळू तो तिच्या खऱ्या आयुष्यावरच येतो, लग्न न झालेली शिक्षिका आणि पोटात मूल. ती उठून दाराकडे जाते तर दार बाहेरून अडकलेलं! आता सांग, ती कडी कुठल्या घटकात टाकशील? कथानक म्हण, नेपथ्य म्हण, संघर्ष म्हण, सगळंच आहे ते. म्हणून घटकांचे वेगवेगळे कप्पे करून पाठ केले की नाटक मरतं, असं माझं अगदी ठाम मत आहे.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने शोकांतिकेचे सहा घटक सांगितलेत, कथानक, पात्रं, विचार, भाषा, गीत आणि दृश्य, त्यात कथानक पहिलं आणि दृश्य सगळ्यात शेवटी. आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि बघता येईल, ऐकता येईल असं खेळणं मागतात, त्यातून नाट्य आलं. मग भरतमुनी अभिनयाचे चार प्रकार सांगतात: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे बोलण्याचा, आहार्य म्हणजे वेशभूषा-रंगभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे आतून येणारा, डोळ्यात पाणी, अंगावर काटा वगैरे. वाचताना तुझ्या हातात फक्त वाचिक आहे, बाकीचे तीन तुला मनात उभे करायचेत. बेणारेचं शेवटचं लांबलचक स्वगत वाचशील तेव्हा आजूबाजूचे सगळे आहेत तिथे थिजलेले दिसले पाहिजेत, म्हणजे तिचं ऐकणारं तिथे कुणीच नाही हे आपोआप कळतं.

आता शोकांतिका. कोणी मेलं म्हणजे शोकांतिका असं नसतं. माणूस बऱ्या दिवसांतून वाईट दिवसांत कोसळतो आणि बघताना आपल्याला कळवळा येतो, धास्तीही वाटते, हा तिचा गाभा. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त (1919) वकील सुधाकरचा कोर्टात अपमान होतो, वकिलीची सनद सहा महिने जाते, त्या रागात तो पहिला प्याला घेतो आणि घर उद्ध्वस्त होतं. तिथे घसरण त्याच्या हातून आहे. तेंडुलकरांच्या या नाटकात (1967) तसं नाही, इथे भोवतालची साधी, ओळखीची माणसं मिळून एका बाईला कोसळवतात आणि तेही खेळता खेळता. पेपरात हा फरक जरूर लिही.

प्रकार शुद्ध असतात असंही समजू नकोस. 'एकच प्याला'तलं तळीरामाचं आर्यमदिरामंडळ, म्हणजे दारुड्यांची मंडळी, पोट धरून हसवतं, आणि इथला खटला पहिली बरीच पानं चक्क विनोदी आहे. फार्स मात्र वेगळा, तिथे घोटाळा आणि वेग महत्त्वाचा, 'मोरूची मावशी' कागदावर निम्मीच कळते कारण लुगडं नेसलेला पुरुष डोळ्यांनी बघावा लागतो.

एक कर. तीन-चार मैत्रिणी जमवा, वर्गातल्या खुर्च्या कोर्टासारख्या मांडा, दार लावून घ्या आणि शेवटचा अंक मोठ्याने वाचा. सामंतने पुतण्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट असतो बघ, शेवटी सामंत तो हळूच निपचित पडलेल्या बेणारेजवळ ठेवून जातो. त्या जागी कापडाचं काहीही चालेल, पण ते ठेवताना कोणी बोलू नका.