परफ्यूमवरून स्थळाचा स्वभाव कळतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बघायला आलेला मुलगा उदाचा (म्हणजे अगरूच्या लाकडाच्या वासाचा) जड परफ्यूम लावून आला होता, तो गेल्यावरही हॉलमध्ये वास रेंगाळत होता, आणि तेवढ्यावरून आईने 'मुलगा भपकेबाज दिसतोय' असा निकाल देऊन टाकला. यात काही तथ्य आहे का?

मुलगा भपकेबाज असेलही, मला माहीत नाही. पण उदावरून ते ठरत नाही. मी पुण्यात बरीच वर्षं परफ्यूमच्या काउंटरवर उभा राहून विक्री केली आहे. माझं मत असं झालंय की माणूस कोणता वास लावतो यावरून त्याच्याबद्दल फार थोडं कळतं. किती लावतो आणि कुठे लावून जातो, यावरून मात्र बरंच कळतं.

पहिली गोष्ट, ती बाटली त्याने स्वतः निवडली होती हे कशावरून? काउंटरवर येणारी कितीतरी माणसं दुसऱ्यासाठी घेत असतात. बायको नवऱ्यासाठी, बहीण भावासाठी, ऑफिसातले सगळे मिळून रिटायर होणाऱ्या साहेबांसाठी. उदाच्या बाबतीत तर हे आणखी जास्त. दुबई-शारजाहून येणारा काका, मित्र, मित्राचा भाऊ, जो तो सोनेरी टोपणाची एक बाटली घेऊन येतो. ती कपाटात पडून राहते आणि मग 'आज जरा चांगलं काहीतरी लावूया' म्हणून नेमकी बघायला जायच्या दिवशी बाहेर निघते.

शिवाय ऊद ही आता खास आवड राहिलेली नाही. खरा ऊद अगरूच्या झाडाला विशिष्ट बुरशी लागली की आत जो काळा राळेसारखा भाग तयार होतो, त्याच्यापासून काढतात. आपल्याकडे आसाममधलं होजाई त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याचं अस्सल तेल तोळ्यावर विकलं जातं आणि ते अंगाला लावायला खिसा बराच खोल लागतो. पाश्चात्त्य कंपन्यांपैकी यव्ह सां लोराँने 2002 मध्ये 'एम सेव्हन' काढला, त्यानंतर हळूहळू सगळ्यांनीच ऊद उचलला, आणि आज तो दोनशे-तीनशे रुपयांच्या डिओवरसुद्धा छापलेला दिसतो. त्या किमतीत आत असतो तो प्रयोगशाळेत जुळवलेला वास. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये जे रेंगाळत होतं त्यात राजेशाही थाट कमी आणि यंदाची फॅशन जास्त असण्याचीच शक्यता मोठी.

आता ते 'फुलांचा वास आवडणारी हळवी, लाकडाचा वास आवडणारा कणखर, लिंबाचा आवडणारा उत्साही' वगैरे. हे जे कोष्टक फिरत असतं ना, ते दुकानदाराच्या फार सोयीचं आहे, मीही ते गिऱ्हाइकाला ऐकवलं आहे. पण ते आलं जाहिरातींतून. रेव्हलॉनने 1973 मध्ये 'चार्ली' आणला तेव्हा जाहिरातीत पँट घालून ऐटीत चालणारी, स्वतः कमावणारी बाई दाखवली. 1977 चा 'ओपियम' म्हणजे गूढ आणि मादक, 1994 चा 'सीके वन' म्हणजे मुलगा-मुलगी भेद न मानणारी तरुण पिढी. माणसाचा स्वभाव आधी बाटलीवर चिकटवला जातो, मग लोक तो विकत घेतात. त्यामुळे परफ्यूमवरून कळलंच तर एवढंच कळतं, की आपण कसे दिसावं असं या माणसाला वाटतं. तेही बाटली त्याने स्वतः विकत घेतली असेल तर.

गुलाबाचंच बघा. युरोपातल्या दुकानात गुलाब हा बायकांच्या फडताळावर असतो. आपल्याकडे आणि आखाती देशांत दाढी-मिशीवाले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गुलाबाचं अत्तर लावत आलेत, त्यांना कोणी हळवं म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. आपल्या घरांत तर वास माणसाप्रमाणे ठरतच नव्हता, तो ऋतूप्रमाणे आणि प्रसंगाप्रमाणे ठरायचा. उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना, गणपतीत केवडा, दिवाळीत अभ्यंगस्नान झालं की कानात अत्तराचा फाया. लग्नात दारातच हातावर अत्तर लावायचे आणि वर गुलाबपाणी शिंपडायचे. अख्ख्या मांडवाला एकच वास यायचा, आणि त्यात तापट मामा असायचे आणि गरीब स्वभावाचे काकाही असायचे.

शास्त्रज्ञांनी यावर काम केलेलं आहे, आणि त्यातलं काही फार मजेशीर आहे. मिलिन्स्की आणि वेडेकिंड या दोन जीवशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये दाखवलं, की स्वतःच्या अंगाला कोणता वास लावायला आवडेल याचा संबंध आपल्या रोगप्रतिकारशक्तीच्या काही जनुकांशी दिसतो. जोडीदाराच्या अंगाला कोणता वास यावा, यात मात्र तसा संबंध दिसला नाही. 2012 मध्ये झेक संशोधकांनी लोकांच्या काखेतल्या घामाचा वास दोन प्रकारे तपासला: एकदा त्यांचा स्वतःचा नेहमीचा परफ्यूम लावून, एकदा भलताच परफ्यूम लावून. स्वतःचा परफ्यूम लावल्यावर येणारा मिश्र वास इतरांना जास्त बरा वाटला, जरी नुसते परफ्यूम म्हणून दोन्ही सारखेच आवडत होते. म्हणजे माणूस नकळत स्वतःच्या अंगवासाशी जुळेल असा परफ्यूम उचलतो. हा जुळवणीचा भाग झाला, स्वभावाचा यात काही पत्ता नाही.

स्वभावाचा पत्ता थोडाफार लागला तो पोलंडमधल्या एका अभ्यासात, तोही 2012 चाच. लोकांना तीन रात्री एकच टी-शर्ट घालून झोपायला सांगितलं आणि मग अनोळखी लोकांना ते टी-शर्ट हुंगायला दिले. माणूस बोलका आहे का, लवकर अस्वस्थ होतो का, दुसऱ्यावर हुकमत गाजवणारा आहे का, याचे अंदाज नुसत्या योगायोगापेक्षा थोडे बरे निघाले. पण त्या तीन रात्री परफ्यूम, डिओ, सुगंधी साबण सगळं बंद होतं! त्यामुळे आईंना खरोखरच वासावरून मुलगा पारखायचा असेल तर त्यांना त्याचा तीन दिवसांचा सदरा मागवावा लागेल. बघा विचारून.

आता आईंच्या बाजूने बोलतो. वास हॉलभर होता, म्हणजे त्याने जास्त लावला होता, हे निरीक्षण त्यांनी बरोबर टिपलं. प्रश्न असा की जास्त का लावला. 'ओ द पर्फ्यूम' प्रकारात सुगंधी द्रव्य साधारण 15 ते 20 टक्के असतं, त्याचे दोन-तीन फवारे माणसाला पुरतात. 'ओ द त्वालेत' त्याहून पातळ. हा फरक आपल्याकडे घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत नसतो. काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, गाडीचं मायलेज विचारावं तसा: 'किती तास टिकेल?' वास आवडला का, हे नंतर. इतके टिकाऊ परफ्यूम घ्यायचे आणि वर डिओसारखे शर्टभर मारायचे, मग हॉल भरणारच.

दुसरं कारण नाकाचं. कोणताही वास सतत येत राहिला की थोड्या वेळाने नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. रोज तोच परफ्यूम लावणाऱ्याला तो हळूहळू फिका वाटायला लागतो, म्हणून तो एक फवारा वाढवतो, पुढे आणखी एक. त्याच्या हिशेबाने तो अजून माफकच लावत असतो. त्यात आपल्या नाकात वास टिपणारे साधारण 400 प्रकारचे रिसेप्टर असतात आणि ते सगळ्यांचे हुबेहूब सारखे नसतात. कृत्रिम कस्तुरीचे काही प्रकार तर कित्येकांना अजिबातच येत नाहीत. लावणाऱ्याला काही जाणवत नाही आणि लिफ्टमधल्या बाकीच्यांचा जीव गुदमरतो, असं होतं. सिगारेट ओढणारे, वय झालेले, कोविडनंतर वास गेलेले, यांचीही तीच गत. काउंटरवर मी असे लोक बघितलेत ज्यांना सहाव्या फवाऱ्यालाही 'येतच नाहीये हो' वाटायचं, आणि मागे रांगेतली बाई नाकाला पदर लावून उभी असायची.

तिसरं कारण तुमच्या बाबतीत मला सर्वात शक्य वाटतं: घाबरलेला माणूस जास्त मारतो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी येणारी मुलं मला बोलण्यावरून ओळखू यायची. 'घामाचा वास येणार नाही ना?' हा त्यांचा खरा प्रश्न. आणि अशी मुलं घरून निघताना एकदा लावतात ती लावतातच, वर तुमच्या इमारतीखाली गाडी लावली की पुन्हा एकदा. पहिली पंधरा-वीस मिनिटं कोणताही परफ्यूम सर्वात तिखट असतो. ती नेमकी पोहे येईपर्यंतची वेळ.

मग माणूस ओळखायचा कशावरून? मी दुकानात ज्याच्यावर लक्ष ठेवायचो ते सांगतो. 'मला कोणता शोभेल?' विचारणारा वेगळा, 'सगळ्यांना आवडेल असा द्या' म्हणणारा वेगळा, आणि 'यापेक्षा महाग कोणता?' म्हणणारा तर फारच वेगळा. हॉस्पिटलात कोणाला भेटायला जाताना, दहाव्याला जाताना, एसी बसमध्ये रात्रीच्या प्रवासाला बसताना जो हात आवरता घेतो, त्याला दुसऱ्याचं नाक आहे याची जाणीव असते. माझ्या मते ही जाणीव संसाराला ऊद-गुलाबापेक्षा जास्त उपयोगाची.

तुम्हाला मुलगा बाकी बरा वाटला असेल तर दुसऱ्यांदा भेटा, शक्यतो उघड्यावर, बागेत वगैरे. गप्पांच्या ओघात 'त्या दिवशी कोणता परफ्यूम होता?' एवढं विचारा. तो ब्रँड आणि किंमत सांगेल, किंवा 'मावशीने दिला होता' म्हणेल, किंवा ओशाळून 'जास्त झाला होता का?' विचारेल. पहिलं उत्तर आलं तर आईंचं ऐका. दुसरं आलं तर मावशीबद्दल विचारा, विषय आपोआप पुढे जाईल. तिसरं आलं तर खरं सांगा, की हो, झाला होता, डोकं चढलं. खरंच चढलं असेल तर हे सांगायला लाजू नका, तीव्र वासाने अनेकांची अर्धशिशी उठते आणि एका घरात राहायचं तर हे आधीच बोललेलं बरं. मग तिसऱ्या भेटीला तो किती लावून येतो, ते बघा.