एनटीएफएस व्हॉल्यूम १६ टीबीच्या पुढे का वाढत नाही?

तुम्ही लिहिलंय की १२ टीबीचा रेड (अनेक डिस्क जोडून केलेला एकच साठा) २४ टीबीचा केला, पण विंडोज व्हॉल्यूम (फॉरमॅट करून वापरात घेतलेला भाग) १६ टीबीच्या पुढे वाढवू देत नाही, मग डिस्क खराब आहे का? डिस्क ठणठणीत आहे. अडचण क्लस्टरची आहे.

एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत, जागा क्लस्टरच्या, म्हणजे ठरावीक आकाराच्या छोट्या तुकड्यांच्या, हिशेबात वाटते आणि विंडोज एका व्हॉल्यूममध्ये जास्तीत जास्त २ चा ३२ वा घात, म्हणजे साधारण ४२९ कोटी क्लस्टर मोजते. तुम्ही १२ टीबी असताना फॉरमॅट केलंत, तेव्हा विंडोजने नेहमीचा ४ केबीचा क्लस्टर धरला. ४२९ कोटी गुणिले ४ केबी, झाले १६ टीबी. ८ केबीचा असता तर ३२ टीबी, ६४ केबीचा असता तर २५६ टीबी. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून २ एमबीपर्यंतचे क्लस्टर चालतात, म्हणजे मर्यादा थेट ८ पीबीवर (१ पीबी म्हणजे १०२४ टीबी) जाते. घरच्या वापराला त्याची गरज नाही.

विंडोजमध्ये क्लस्टरचा आकार ठरतो तो फॉरमॅट करतानाच. नंतर बदलून देणारी बाहेरची सॉफ्टवेअर मिळतात, पण एवढ्या डेटावर मी तरी ती चालवणार नाही. डेटा दुसरीकडे हलवा, फॉरमॅटच्या खिडकीत ‘अलोकेशन युनिट साइज’ बदला, डेटा परत आणा. वेळखाऊ आहे, पण सरळ आहे.

किती ठेवायचा? व्हिडिओ, बॅकअप अशा मोठ्या फाइल्स असतील तर मी डोळे झाकून ६४ केबी घेईन. बारीक फाइल्सचा ढीग असेल तर जरा थांबा: प्रत्येक फाइलमागे सरासरी अर्धा क्लस्टर वाया जातो, म्हणजे १० लाख फाइल्सना जवळपास ३० जीबी. (खरं तर २४ टीबीत तेही फारसं जाणवणार नाही.) शिवाय ४ केबीपेक्षा मोठ्या क्लस्टरवर एनटीएफएसचं कॉम्प्रेशन चालत नाही. ते वापरत असाल तर हा मुद्दा महत्त्वाचा.

लिनक्सवर जायचा विचार असेल तर जुन्या पद्धतीने, ६४ बिट सुविधा न घेता बनवलेली ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल्स मांडायची पद्धत) देखील ४ केबीच्या ब्लॉकवर (तिथला क्लस्टरच) १६ टीबीलाच अडते. एक्सएफएस या लिनक्सच्या दुसऱ्या पद्धतीला ही भीती नाही.

डेटा हलवायला जागाच नसेल तर पहिला व्हॉल्यूम आहे तसा १६ वर ठेवा आणि उरलेल्या जागेत दुसरा बनवा. तिथे ८ ऐवजी सुमारे ५.८ टीबीच दिसतील. कंपनीचे २४ टीबी हजाराच्या पटीत मोजलेले असतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजून त्यांना २१.८ म्हणते.