'स्लॅप शॉट' (१९७७) या आइस हॉकीवरच्या विनोदी सिनेमामागचे खरे किस्से कोणते?

पॉल न्यूमनचा हा सिनेमा माझा फार लाडका, त्यामुळे हात राखून लिहीत नाही. गंमत अशी की त्यात जे हमखास फेकाफेक वाटतं, तेच बऱ्याचदा खरं घडलेलं आहे.

नेड डाउड हा पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनच्या 'जेट्स' संघाकडून खालच्या दर्जाच्या लीगमध्ये हॉकी खेळायचा. संघ विकायला काढलाय, असं त्याने बहिणीला, नॅन्सीला फोनवर सांगितलं. मालक कोण, असं तिने विचारलं तर पठ्ठ्याला पत्ताच नाही! सिनेमात न्यूमन मालकाच्या मागावर असतो, त्याचं मूळ हे. पुढे नॅन्सी जॉन्सटाउनला जाऊन राहिली, नेडने टेपरेकॉर्डर खेळाडूंच्या खोलीत आणि बसमध्ये नेला, आणि पटकथा उभी राहिली. म्हणजे शिव्यांची ती लाखोली बरीचशी तिने कानांनी ऐकून उतरवलेली आहे. (आईवडिलांसोबत बघायला बसू नका, एवढंच सांगतो.)

सिनेमातले मारकुटे हॅन्सन बंधू तर थेट जेट्समधूनच आले. जाड काळ्या चष्म्यांचे, सामानात खेळण्यातल्या मोटारी घेऊन फिरणारे ते तिघे म्हणजे कार्लसन भाऊ: जेफ, स्टीव्ह आणि जॅक. मोटारींचा नादही त्यांचा खराच. जेफ आणि स्टीव्ह सिनेमात आहेत, पण ऐन वेळी एडमंटन ऑइलर्स या वरच्या दर्जाच्या संघाने जॅकला बोलावून घेतलं. मग त्याच्या जागी उभा राहिला संघातलाच डेव्ह हॅन्सन. आता घोटाळा बघा: ज्याच्यावरून सिनेमातलं 'किलर' कार्लसन हे पात्र बेतलं होतं, तोच हा डेव्ह 'किलर' हॅन्सन! 'किलर' कार्लसनचं काम मग जेरी हाउझर या नटाकडे गेलं.

प्रेक्षकांत घुसून केलेली हाणामारीही मनची नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाला कुणीतरी बर्फाने भरलेला कप जेफच्या तोंडावर मारला, हे गडी स्टँडमध्ये चढले आणि त्यांना अटक झाली. सिनेमात कपाच्या जागी किल्ल्यांचा जुडगा आला. सामन्याआधी सराव चालू असतानाच सुरू होणाऱ्या मारामारीलाही असाच खरा आधार आहे.

सिनेमात बर्फावर एकेक कपडा उतरवत फिरणारा नट मायकेल ऑन्टकीन न्यू हॅम्पशायर विद्यापीठाकडून हॉकी खेळलेला, म्हणून तो इतकं सहज स्केटिंग करतो. आणि ज्याच्या नावानेच समोरच्या संघाला घाम फुटतो तो ओगी ओगिलथॉर्प? झिपऱ्या केसांचा तो राक्षस पडद्यावर साकारला नेड डाउडनेच.

सिनेमातल्या गावात पोलाद कारखाना बंद होतो आणि संघाच्या गळ्याशी येतं. प्रत्यक्षातही फार वेगळं घडलं नाही: सिनेमा १९७७च्या फेब्रुवारीत आला. जुलैत जॉन्सटाउनला महापूर आला आणि जेट्सचा कारभारही त्याच वर्षी आटोपला. १९८८मध्ये गावात पुन्हा संघ उभा राहिला तेव्हा त्यांनी सरळ सिनेमातल्याच संघाचं नाव उचललं: 'चीफ्स'. २०१०पर्यंत तो तिथेच खेळला.